गच्चीवरचं अतिनील ऊन: छोट्या सेन्सरने मोजायचं कसं, आणि आकड्यावर भरवसा कधी ठेवायचा

मागच्या एप्रिलात मी गच्चीवर अतिनील किरणांचा सेन्सर लावला आणि धूळ, कबुतरं यांच्यापासून वाचावा म्हणून त्यावर लोणच्याची रिकामी काचेची बरणी पालथी घातली. आठ दिवस आकडे येत राहिले. सकाळी चढायचे, साडेबाराच्या सुमाराला शिखर गाठायचे, संध्याकाळी उतरायचे. आलेख इतका देखणा की मी तो दोन-चार मित्रांना पाठवलासुद्धा. नवव्या दिवशी बरणी पुसायला उचलली आणि आकडा एकदम उसळला. आठ दिवस मी जे मोजत होतो ते त्वचा भाजणारं ऊन नव्हतंच. ते सगळं काचेने बाहेर अडवलं होतं आणि आत आलेल्या उरल्यासुरल्या प्रकाशावर सेन्सर निवांत आकडे देत होता.

या कामातली खरी मेख हीच आहे. सेन्सर कधी "मला कळत नाही" असं म्हणत नाही, तो आकडा देतोच. जोडणी अर्ध्या तासात होते, पण आकड्याला अर्थ यायला दोन-तीन रविवार जातात. म्हणून या लेखात तारा जोडण्यावर कमी आणि पुढच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

आधी, मोजायचं काय ते

जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात हे योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखवलं. प्रकाशाचे रंग वेगळे करून त्याने सिल्व्हर क्लोराइडवर पाडले, तर जांभळ्याच्या पलीकडच्या रिकाम्या वाटणाऱ्या जागीच ते सगळ्यात लवकर काळं पडलं. या अदृश्य पट्ट्याचे आज तीन भाग करतात. तरंगलांबी ३१५ ते ४०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असेल तर यूव्ही-ए, २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी आणि १०० ते २८० म्हणजे यूव्ही-सी. यूव्ही-सी वातावरणातच संपतो. यूव्ही-बीचा बराचसा भाग ओझोन शोषून घेतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील प्रकाशात सुमारे ९५ टक्के वाटा यूव्ही-एचा असतो.

पण त्वचा लाल करण्यात या दोघांची ताकद सारखी नाही. ३०० नॅनोमीटरचा किरण ३६० नॅनोमीटरच्या किरणापेक्षा हजारपटीहून जास्त प्रभावी असतो. यूव्ही इंडेक्स, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या उन्हाची तीव्रता सांगणारा आकडा, काढताना म्हणूनच प्रत्येक तरंगलांबीला तिच्या भाजण्याच्या ताकदीप्रमाणे वजन देतात, मग बेरीज करतात. त्या वजनदार बेरजेचे दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट झाले की इंडेक्स १. ही पद्धत १९९२ साली कॅनडात सुरू झाली, पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटनेने ती जगभर रुळवली. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० खूप जास्त आणि ११ पासून पुढे अतितीव्र. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी शेवटचा गट काही विशेष मानायचं कारण नाही.

आता गोम बघा. आपल्या हातातला सेन्सर असं वजन देत नाही. तो त्याच्या पट्ट्यातला सगळा प्रकाश जवळपास एकाच तागडीत टाकतो आणि त्यात यूव्ही-ए भरपूर असतो. सेन्सरच्या व्होल्टेजवरून इंडेक्स सांगणं म्हणजे पिशवीच्या वजनावरून आत मिरची किती आणि बटाटे किती याचा अंदाज बांधणं. प्रमाण ठरलेलं असेल तोवर अंदाज चालतो, प्रमाण बदललं की फसतो.

सेन्सर कोणता घ्यावा

मी जीयूव्हीए-एस१२एसडी वापरतो आणि हा लेखही त्यालाच धरून आहे. गॅलियम नायट्राइडचा हा छोटा फोटोडायोड २४० ते ३७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतो. दिसणारा प्रकाश त्याला जवळपास कळतच नाही, आणि हा त्याचा मोठा गुण. डायोडचा प्रवाह अगदी बारीक असतो, एका इंडेक्समागे सुमारे २६ नॅनोअँपियर. म्हणून मॉड्यूलवर एक ऑप-अँप असतो, तो या प्रवाहाचं वाचण्याजोगं व्होल्टेज करतो. बहुतेक मॉड्यूल एका इंडेक्सला १०० ते ११० मिलिव्होल्टच्या आसपास देतात. मात्र आतला रेझिस्टर सगळ्या मॉड्यूलमध्ये सारखाच असेल याची खात्री नाही, त्यामुळे हा आकडा सुरुवातीपुरता धरा.

एमएल८५११ हाही चांगला सेन्सर आहे, पण त्याची एक खोड आहे. पूर्ण अंधारातही तो सुमारे १ व्होल्ट देतो, आणि पुढे दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॅट वाढला की ०.१२ व्होल्टने वर चढतो. त्याचा नेहमीचा प्रोग्राम १ ते २.८ व्होल्टचं रूपांतर ० ते १५ मध्ये करतो. हे १५ म्हणजे मिलिवॅट आहेत, इंडेक्स नव्हे. दोन्ही आकडे योगायोगाने एकाच घरातले दिसतात, म्हणून पुष्कळ जण मिलिवॅटलाच इंडेक्स समजून पडद्यावर लावतात. प्रत्यक्षात इंडेक्स १० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला फक्त ०.०२५ वजनदार मिलिवॅट. शिवाय या मॉड्यूलची ईएन (चालू करणारी) पिन ३.३ व्होल्टला जोडली नाही तर तो झोपूनच राहतो.

व्होल्टेजऐवजी दोन तारांवरून थेट आकडे पाठवणारा, म्हणजे आय-टू-सी वर चालणारा हवा असेल तर एलटीआर३९० घ्या. त्याचा पत्ता ०एक्स५३. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) १८ पट आणि मोजणी २० बिटची ठेवली तर सेन्सरने दिलेला २३०० हा कच्चा आकडा म्हणजे इंडेक्स १. हा भागाकार त्याच सेटिंगपुरता खरा आहे. गेन ३ पट आणि मोजणी १८ बिट ठेवली तर तोच आकडा २४ पटीने घसरून ९६ च्या आसपास येतो. सेटिंग एक आणि भागाकार दुसऱ्याचा, अशी चूक तयार प्रोग्राम उचलताना हमखास होते.

एसआय११४५ पासून मात्र लांब राहा. त्याच्या नावात यूव्ही इंडेक्स असला तरी आत अतिनील डायोडच नाही. दिसणारा प्रकाश आणि अवरक्त किरण मोजून तो इंडेक्सचा हिशेब मांडतो. व्हीईएमएल६०७५ हा यूव्ही-ए आणि यूव्ही-बी वेगळे दाखवणारा गुणी सेन्सर होता, पण कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. जुना साठा मिळाला तर नशीब.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यातलं बरंच मिळतं. दुकानात विचारताना पूर्ण नंबर सांगा. नुसतं "यूव्ही सेन्सर" म्हटलं तर आगीची ज्योत ओळखणारा सेन्सरही हातात पडू शकतो.

जोडणी

सामान थोडंच आहे: अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड), जीयूव्हीए मॉड्यूल, जंपर वायरी, मल्टीमीटर. मॉड्यूलला तीन पिना असतात. व्हीसीसी ५ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला आणि आउट ही ऊनोच्या ए० या व्होल्टेज वाचणाऱ्या पिनेला. काही मॉड्यूलवर आउटच्या जागी सिग किंवा एस छापलेलं असतं.

इथवर सगळे करतात. आता पुढची एक वायर विसरू नका. ऊनो व्होल्टेज मोजताना ते स्वतःच्या ५ व्होल्टशी ताडून बघतो, पण लॅपटॉपच्या यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट क्वचितच नेमके ५ असतात. लॅपटॉप बदलला, वायर लांब झाली की ४.७ होतात. सेन्सरचं व्होल्टेज तेच राहतं आणि तुमचा आकडा मात्र सहा टक्क्यांनी बदलतो. उपाय सोपा आहे: ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेपासून एरेफ (संदर्भ व्होल्टेज घेणाऱ्या) पिनेला वायर जोडा. १३ नंबरच्या पिनेशेजारी जीएनडी आणि तिच्या शेजारी एरेफ असते. आता मोजपट्टी ३.३ व्होल्टची झाली. हे ३.३ प्रत्यक्षात किती आहेत ते मल्टीमीटरने बघा आणि तोच आकडा प्रोग्राममध्ये घाला. माझ्या बोर्डावर ते ३.२८ निघाले.

एक धोका सांगून ठेवतो. संदर्भ व्होल्टेज बाहेरून घ्यायचं आहे ही आज्ञा प्रोग्राममध्ये पहिल्या वाचनाच्या आधीच यायला हवी. ती राहिली तर चिपमधलं व्होल्टेज आणि बाहेरून जोडलेलं व्होल्टेज एकमेकांना भिडतात आणि चिप कायमची बिघडू शकते. म्हणून आधी प्रोग्राम चढवा, एरेफची वायर नंतर लावा.

ऊनोमध्ये १.१ व्होल्टची अंतर्गत मोजपट्टीही आहे. ती अचूक दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्यावर इंडेक्स ११ च्या आसपास सेन्सर छताला टेकतो. थंड देशात चालेल, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ऐन दुपारी आलेखाचा माथा सपाट कापलेला दिसेल.

ऊनोऐवजी वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड वापरणार असाल तर मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. त्याचं अ‍ॅनालॉग वाचन तळाशी आणि माथ्याशी वाकडं असतं. अगदी कमी व्होल्टेज तो शून्यच सांगतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा पहिला-दुसरा इंडेक्स गायब. वायफाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत हेही लक्षात ठेवा. खरं तर त्याच्याबरोबर एडीएस१११५ ही १६ बिटची वेगळी चिप लावणंच शहाणपणाचं. ४.०९६ व्होल्टच्या पट्टीवर तिची एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची असते. मग तक्रारीला जागा उरत नाही.

प्रोग्रामने काय करायचं

प्रोग्राम लहानच आहे, मी तो शब्दांत सांगतो. सुरुवातीला संदर्भ बाहेरचा असल्याची आज्ञा द्या, मग सिरियल (लॅपटॉपला आकडे पाठवायची सोय) सुरू करा. पहिली दहाएक वाचनं घेऊन टाकून द्या. नंतर दर वेळी ए० पिनेची ६४ वाचनं दोन-दोन मिलिसेकंदांच्या अंतराने घ्या, त्यांची बेरीज करा आणि ६४ ने भागा. आलेल्या सरासरीला संदर्भ व्होल्टेजने गुणा, १०२४ ने भागा. हे झाले व्होल्ट. हजाराने गुणलं की मिलिव्होल्ट.

उदाहरणार्थ, सरासरी ३१० आली आणि संदर्भ ३.३ असेल तर ३१० गुणिले ३.३ भागिले १०२४, म्हणजे जवळजवळ १ व्होल्ट. शंभर मिलिव्होल्टला एक या कच्च्या हिशेबाने इंडेक्स १०.

एक शिस्त पाळा. फाइलमध्ये इंडेक्स लिहू नका, मिलिव्होल्ट लिहा. वेळेबरोबर दर मिनिटाला एक ओळ पुरते. किती मिलिव्होल्टला एक इंडेक्स हे गुणोत्तर पुढे चार वेळा बदलणार आहे आणि कच्चा आकडा हातात असेल तर जुने दिवसही नव्याने मोजता येतात. माझे बरणीतले आठ दिवस त्यानेही वाचले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

गच्चीवर जाण्याआधी घरातली परीक्षा

सेन्सरवर काळी चिकटपट्टी किंवा स्टीलची वाटी पालथी घाला. जो आकडा दिसेल तो अंधाराचा आकडा. तो लिहून ठेवा. शून्य असेल तर उत्तम, दहा-वीस मिलिव्होल्ट असतील तरी बिघडत नाही, पुढे प्रत्येक वाचनातून तो वजा करायचा. मग ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्याखाली धरा. आकडा जवळपास हलत नाही. हलायलाही नको.

इथे बरेच जण घाबरतात. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च सेन्सरवर मारला, काहीच झालं नाही, म्हणजे सेन्सर मेला! तसं नसतं. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात आणि आपला सेन्सर ३७० ला थांबतो. त्याऐवजी डास-माश्या मारायच्या यंत्रातल्या निळसर ट्यूबजवळ न्या. ती साधारण ३६५ नॅनोमीटरवर चालते, आकडा थोडा तरी हलेल. विजेची जाळी असलेलं यंत्र असेल तर बोटं लांब ठेवा, आणि त्या ट्यूबकडे एकटक बघत बसू नका.

जंतुनाशक दिव्यावर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. पाणी शुद्ध करायच्या किंवा खोली निर्जंतुक करायच्या त्या ट्यूबमधून २५४ नॅनोमीटरचे किरण येतात. लागलीच काही जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. त्या दिव्याचं कवच सेन्सरसाठी उघडावं इतकं काही अडलेलं नाही.

डबी आणि वरचं झाकण

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी पीव्हीसीची जंक्शन बॉक्स घ्या. तिच्या झाकणाला भोक पाडून सेन्सर बरोबर आकाशाकडे तोंड करून बसवा. खालून वायर येते ते भोक एम-सीलने बुजवा. ग्लू गनने चिकटवलेलं मेच्या उन्हात मऊ पडून सुटतं, मी पाहिलं आहे. सेन्सरच्या काचेला बोट लावू नका आणि त्यावर कसलाही रेझिन ओतू नका. बहुतेक रेझिन अतिनील शोषतात आणि महिन्याभरात पिवळे पडतात.

भोकावर काय लावायचं हा खरा प्रश्न. साध्या काचेतून ३२० नॅनोमीटरच्या आतलं जवळपास काहीच जात नाही, ३५० च्या पुढचं बरंचसं जातं. माझ्या बरणीत नेमकं हेच झालं होतं. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट तर जवळपास सगळंच अडवते. जाहिरातीच्या पाट्यांचं साधं अ‍ॅक्रिलिकही या कामाचं नाही.

चालतं ते टेफ्लॉन. नळ जोडताना प्लंबर आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेप टेफ्लॉनचीच असते. ती अतिनील प्रकाश आत सोडते आणि सोडताना चहूकडे पसरवते. भोकावर तीन-चार थर ताणून लावा, कडा चिकटपट्टीने दाबा. तुम्हाला अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची टेफ्लॉन शीट मिळाली तर आणखी टिकाऊ काम होईल.

हे पसरवणं नुसतं संरक्षणासाठी नसतं. इंडेक्स सपाट, आडव्या पृष्ठभागावर सगळ्या आभाळातून येणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि अतिनील प्रकाशाचा मोठा हिस्सा थेट सूर्यातून न येता निळ्या आभाळातून येतो. उघडा डायोड तिरक्या प्रकाशाला न्याय देत नाही. टेफ्लॉन लावल्यावर व्होल्टेज पडेल, पडू द्या. पण त्यानंतर जमवलेलं गुणोत्तर त्या थरांसकटचं आहे. थर बदलला की गुणोत्तर नव्याने काढायचं.

डबी पाण्याच्या लेव्हलने आडवी करा. सेन्सर सूर्याकडे वळवला तर आकडा वाढतो आणि मन सुखावतं, पण तो इंडेक्स राहत नाही. जागा निवडताना पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत यांनी आभाळ किती झाकलंय ते बघा. चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीजवळ तर मुळीच नको.

काठीच्या सावलीने गुणोत्तर काढणं

प्रयोगशाळेतलं महागडं उपकरण आपल्याकडे नाही. पण निरभ्र आभाळात इंडेक्स किती असायला हवा हे सूर्याच्या उंचीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. साशा मॅड्रोनिच या वातावरणशास्त्रज्ञाने २००७ साली त्यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून जितके अंश ढळलेला आहे त्या कोनाची कोसाइन घ्या, तिचा २.४२ वा घात करा, १२.५ ने गुणा. मग ओझोनची दुरुस्ती: ओझोनच्या डॉब्सन आकड्याला (डॉब्सन हे वातावरणातला ओझोन मोजायचं एकक) ३०० ने भागून त्याचा उणे १.२३ वा घात, आणि त्याने गुणा. महाराष्ट्रावर ओझोन वर्षभर साधारण २५० ते २८० डॉब्सन असतो, मी २६० धरतो.

सूर्याची उंची मोजायला बरोबर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि सपाट फरशीवरची तिची सावली मोजा. २६० डॉब्सन धरून, समुद्रसपाटीला आणि स्वच्छ हवेत उत्तरं अशी येतात:

सावली २७ सेंटिमीटर (सूर्य ७५ अंशांवर): इंडेक्स १३.७
सावली ५८ सेंटिमीटर (६० अंश): १०.५
सावली १०० सेंटिमीटर (४५ अंश): ६.४
सावली १७३ सेंटिमीटर (३० अंश): २.८

गाव समुद्रसपाटीपासून जितकं उंच त्यासाठी थोडं वाढवायचं. हजार मीटर चढलं की अतिनील दहा-बारा टक्क्यांनी वाढतं, तेव्हा ५६० मीटरवरच्या पुण्याला पाच-सहा टक्के. महाबळेश्वरला दुप्पटीहून जास्त दुरुस्ती लागेल.

शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर, काठीची सावली पायाशीच विरघळते. सूत्र तेव्हा १४.९ सांगतं. पण गुणोत्तर काढायला मेचा दिवस निवडू नका. सूत्र स्वच्छ हवेचं आहे आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ धुळीने पांढुरकं असतं. खरा इंडेक्सच सूत्रापेक्षा कमी असतो, आणि आपण उगाच सेन्सरला कमी वाचतो म्हणून दोष देतो. पाऊस सरताना, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात, रात्री सर येऊन गेल्यावर सकाळी आभाळ गर्द निळं निघतं, तो दिवस धरा. सूर्यबिंबाभोवती बोटाएवढी पांढरट कड दिसत असेल तर तोही दिवस सोडा. बिंब हाताने झाकून आजूबाजूचा रंग बघायचा, थेट सूर्याकडे पाहायचं नाही.

आता दिवसभरात आठ-दहा वेळा सावली आणि मिलिव्होल्ट दोन्ही एकाच क्षणी टिपा. समजा अंधाराचा आकडा १२, सावली ५८ सेंटिमीटर असताना वाचन १०३०. म्हणजे १०१८ मिलिव्होल्टला १०.५ इंडेक्स, एका इंडेक्समागे ९७ मिलिव्होल्ट. असं प्रत्येक नोंदीचं गुणोत्तर काढा.

पहिल्यांदा हे केलं की बहुतेकांचा विरस होतो, कारण गुणोत्तर दिवसभर सारखं राहत नाही. सूर्य खाली गेला की किरणांना ओझोनमधून तिरका, लांबचा प्रवास करावा लागतो. यूव्ही-बी भराभर गळतो, यूव्ही-ए मागे उरतो. पिशवीतल्या मिरच्या कमी झाल्या, बटाटे राहिले. सेन्सरला बटाट्यांचंही वजन लागतं, म्हणून संध्याकाळी तो खऱ्या इंडेक्सपेक्षा जास्त सांगतो. उलट पसरवणारा थर नीट नसेल तर तिरक्या उन्हात तो कमी वाचतो. दोन चुका विरुद्ध दिशेने ओढत असतात आणि कधीकधी एकमेकींना झाकूनही टाकतात.

यावर मी फार शास्त्रीय होत नाही. काठीची सावली काठीपेक्षा आखूड असताना जमलेल्या गुणोत्तरांची सरासरी घेतो आणि तेवढ्या वेळातल्याच आकड्यांना इंडेक्स म्हणतो. त्याबाहेरचे आकडे आलेखात फिकट रंगात ठेवतो. तुम्हाला हौस असेल तर सूर्याच्या उंचीप्रमाणे गुणोत्तराची छोटी तक्ती करून प्रोग्रामला द्या. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधला इंडेक्स ताडून बघायला हरकत नाही, पण तो संगणकी अंदाज असतो, तुमच्या गच्चीवर कोणी मोजलेला नसतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला म्हणून गुणोत्तर वाकवू नका.

आलेख वाचताना

पहिली गंमत शिखराच्या वेळेची. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची आणि पुणे ७३.८५ वर, म्हणून आपला खरा माध्यान्ह घड्याळाच्या बाराला येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून १८ मिनिटांनी, मेच्या मध्याला १२:३१ ला आणि फेब्रुवारीत १२:४९ पर्यंत येतो. तुमचं शिखर निरभ्र दिवशी यापासून लांब पडत असेल तर डबी तिरकी आहे किंवा एखादी सावली मध्ये येते आहे. डबी तपासायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट आईशी वाद झाल्यावर नीट कळली. वाळवणं घालायला ती सकाळी साडेनऊला गच्चीवर येते, कारण "तेव्हा ऊन कोवळं असतं, दुपारी तीनला बघ कसं भाजतं." भाजतं ते खरं, पण ती हवेची उष्णता. अतिनीलाला तापमानाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त सूर्याची उंची कळते. मेच्या मध्याला सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीन हे माध्यान्हापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, दोन्ही वेळी इंडेक्स शिखराच्या निम्म्यावर असतो. सूत्राने पाहिलं तर ७ च्या घरात. साडेचारला तो पावावर येतो. आलेख दाखवल्यावर आई म्हणाली, "बरं, मग टोपी घालते. पण पापड कधी उलटायचे ते काही तुझं यंत्र सांगत नाही." सकाळी सातच्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं हा समजही याच आलेखापुढे टिकत नाही. ते यूव्ही-बीमुळे तयार होतं आणि सातला तो नावापुरताच असतो.

ढगांनी गोंधळून जाऊ नका. पातळ ढगातून ९० टक्क्यांहून जास्त अतिनील खाली येऊ शकतं, काळ्या दाट ढगाने मात्र आकडा तळाला जातो. कापसासारखे सुटे ढग असतील आणि सूर्य त्यांच्या फटीतून डोकावत असेल तर आकडा निरभ्र दिवसापेक्षाही वर जातो, कारण ढगांच्या कडा प्रकाश परतवतात. माझ्या जूनच्या आलेखातले असे सुळके मी आधी वायर सैल झाली म्हणून खोडले होते.

काच, गॉगल, छत्री

सेन्सर हातात आला की माणूस घरातलं सगळं त्याच्यासमोर धरतो. धरा, पण तुलनेपुरतंच. निरभ्र दुपारी आधी उघडं वाचन, लगेच वस्तू धरून वाचन, पुन्हा उघडं. दोन्ही उघडी वाचनं जुळली तरच मधलं ग्राह्य. वस्तू सेन्सरला टेकवून धरा, नाहीतर बाजूने आभाळाचा प्रकाश घुसतो. छत्रीखाली आकडा शून्य होत नाही तो यामुळेच.

गॉगलबद्दल जरा सांभाळून. "यूव्ही ४००" म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंत सगळं अडवतो असा दावा. आपला सेन्सर ३७० च्या पुढे आंधळा आहे. त्यामुळे गॉगलमधून आकडा भरपूर येत असेल तर तो गॉगल वाईट हे नक्की म्हणता येतं. आकडा शून्य आला तर फक्त ३७० पर्यंतचं बोला, दुकानदाराशी भांडायला हे यंत्र नेऊ नका. खिडकीच्या काचेमागेही तसंच. सेन्सर काहीतरी दाखवेल, पण त्याला इंडेक्स म्हणू नका, ते यूव्ही-ए आहे. त्याने पडदे फिके पडतील, तासाभरात कातडी लाल होणार नाही.

देखभाल

उन्हाळ्यात आठवड्याला एकदा टेफ्लॉनवरची धूळ ओल्या मऊ कापडाने टिपा. पुसण्याआधीचं आणि नंतरचं वाचन वहीत लिहा, म्हणजे आपल्या गच्चीवर धुळीने किती टक्के खाल्ले जातात तेही कळेल. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, बुटांच्या खोक्यातली चालते. टेप दर दोन-तीन महिन्यांनी बदला, थर तेवढेच ठेवा, आणि बदललेल्या दिवशी वाटी पालथी घालून अंधाराचा आकडा पुन्हा घ्या. पाऊस उघडला की काठी परत उभी करायची.